अठ्ठावीस दिवसांचा चुना

पारंपरिक बांधकामासाठी राज्यपातळीवर दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराची यंदाची नियमावली आणि अर्जाचा नवा नमुना एव्हाना बहुतेक वाचकांच्या हाती पडला असेल. संस्थेचे नाव इथे घेत नाही. ज्यांनी अर्ज भरायला घेतला त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांनी घेतला नाही ते सुटले. हा अंक छपाईला जाईपर्यंत पत्रे येतच होती. वाईहून आली, पैठणहून आली, चौलहून आली. सगळ्यांचा रोख मुख्यतः एकाच रकान्यावर आहे.

रकाना नऊ. ‘वापरलेल्या मॉर्टरच्या २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचा अहवाल, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या सहीशिक्क्यानिशी जोडावा.’ खाली ठळक अक्षरांत: अहवाल नसल्यास अर्ज प्राथमिक छाननीत बाद.

अठ्ठावीस दिवस ही मुदत सिमेंटला साजते, फॅट लाइमला नाही, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. अर्ज तयार करणाऱ्यांना मात्र आहे. विझवून मुरवलेला फॅट लाइम हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पृष्ठभागाकडून आत घट्ट होत जातो. जाड भिंतीच्या पोटात ही क्रिया वर्षानुवर्षे चालू असते. आयएस ७१२ हे आपलेच भारतीय मानक चुन्याचे वर्ग पाडते आणि प्रत्येक वर्गाकडून वेगळी अपेक्षा ठेवते. ते एकदा उघडून पाहिले असते तरी हा रकाना असा छापला गेला नसता. पण जुन्या एखाद्या काँक्रीटच्या निविदेतून तो उचलून इथे चिकटवला असावा असा आमचा दाट संशय आहे, कारण त्याच पानावर आणखी खाली ‘संरचना आयएस ४५६ नुसार सुरक्षित असल्याचे सल्लागाराचे प्रमाणपत्र’ मागितले आहे. आयएस ४५६ ही काँक्रीटची संहिता. सागवानी खांब, तुळया आणि भेंड्याच्या भिंती असलेल्या वाड्यासाठी हे प्रमाणपत्र कोणी द्यायचे आणि कोणत्या तोंडाने द्यायचे?

पैठणच्या वाचकाने हा रकाना प्रामाणिकपणे भरायचा प्रयत्न केला. कामावरच्याच घाणीतला चुना, वाळू आणि सुरखीचे मिश्रण साच्यात भरून त्याने ठोकळे प्रयोगशाळेत नेले. साचा उघडताना दोन ठोकळ्यांचे कोपरे हातात आले. यंत्रावर बसलेल्या मुलाने विचारले, “सिमेंट किती टाकलंय?” काहीच नाही म्हटल्यावर तो म्हणाला, “मग थोडं घाला ना, रिपोर्ट देतो.” सल्ला आपुलकीचा होता, त्यात वाकडे काही नव्हते. पुढच्या खेपेला साच्यात थोडे सिमेंट गेले, अहवाल आला, शिक्का बसला. भिंतीत मात्र तो माल नाही. म्हणजे पारंपरिक बांधकामाच्या उत्कृष्टतेचा पहिला पुरावा म्हणून जो कागद दाखल झाला आहे, तो त्या बांधकामाचा नाहीच. आणि पुढच्या वर्षी कोणी म्हणेल, खोटा ठोकळा कशाला, भिंतीतच टाकू या. गडकोटांच्या दगडी सांध्यांत सिमेंटच्या दरजा भरून आपण काय करून ठेवले, ते पाहायला दूर जायला नको. दरजेतून वाट न मिळालेले पाणी दगडातून वाट काढते आणि दगडाच्या कडा झडतात. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. आता चुन्याच्या कामाची गरज वाढणार हे उघड आहे. अशा वेळी चुन्याला सिमेंटची परीक्षा द्यायला लावणारा अर्ज केवळ हास्यास्पद राहत नाही, तो चुकीचे वळण लावतो.

बाकीचे रकाने वेगाने सांगून टाकतो. जीर्णोद्धार गटात ‘मूळ वास्तूचे भोगवटा प्रमाणपत्र व मंजूर नकाशे’ हवेत. वाडा उत्तर पेशवाईतला. भोगवटा कोणाकडून आणायचा, पेशवे दप्तरातून? साहित्याच्या तक्त्यात चुन्यासमोर ‘कंपनी व बॅच क्रमांक’ अशी जागा आहे. चौलचा आमचा वाचक किनाऱ्यावरचे शिंपले गोळा करून भट्टी लावतो. त्याने कंपनीच्या रकान्यात ‘अरबी समुद्र’ असे लिहून अर्ज पाठवून दिला. आमचे ऐकाल तर यंदाचा पुरस्कार इथेच जाहीर करून टाकावा.

‘पारंपरिक शैलीतील नवे बांधकाम’ या गटाबद्दल न बोललेले बरे. फायबरच्या महिरपी, आरसीसीच्या खांबाला लाकडी पत्रा चिकटवून केलेले सुरूदार खांब आणि वर ‘वाडा’ अशी पाटी, एवढ्यावर तिथे नंबर लागतो. आत काय आहे हे अर्ज विचारतच नाही. तिथे क्यूब टेस्टसुद्धा नको आहे!

पण खरी गोम तारखांत आहे. काम ३१ मार्चपूर्वी पूर्ण झालेले हवे आणि अर्ज मेअखेर पोहोचायला हवा. काम त्याच आर्थिक वर्षातले हवे, अशीही अट आहे. म्हणजे ज्या कामांचा निकाल लागणार त्यांतल्या बहुतेकांनी पूर्ण झाल्यावर एकही पावसाळा पाहिलेला नसणार. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे जुन्या बांधकामाची परीक्षा घेणारा परीक्षक एकच, तो जूनमध्ये येतो, आणि याच परीक्षकाला नियमावलीने दाराबाहेर ठेवले आहे.

याचे मागच्या खेपेचे फळ वाईच्या पत्रात आहे. नदीकाठचा वाडा, चौकाभोवती चार सोपे, उत्तरेच्या भिंतीला गिलावा नव्याने करायचा होता. काम दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवे होते. मालकांच्या भाऊबंदकीत ते संक्रांतीनंतर सुरू झाले. गवंडी म्हणाला, खडबडीत थर आत्ता मारू, गोणपाट भिजवून लावू, शेवटचा थर पावसाळ्यानंतर. वास्तुविशारदाला पुरस्काराची तारीख दिसत होती. शेवटचा थर मार्चच्या उन्हात चढला. लाइम वॉशचे दोन हात दिले, पण पहिल्या वर्षी लाइम वॉश एकसारखा दिसत नाही. कुठे ओलसर, कुठे पांढरा, ढगाळ. पाहणीला आलेल्या प्रतिनिधीने फोटो पाहून विचारले, “भिंतीला डाग कसले?” झाले. चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्यात भिंतीवर प्लॅस्टिक इमल्शन फासले गेले. ड्रोनच्या चित्रफितीत भिंत झळझळीत दिसली. पारितोषिक मिळाले. ऑगस्टमध्ये जोत्याच्या वर दोन हातांपर्यंत फुगे आले, गणपतीपर्यंत पोपडे निघाले आणि आतल्या गिलाव्याला लोणा लागलेला दिसला. जोत्यातून चढलेली ओल चुन्यातून सहज बाहेर पडली असती, रंगाच्या पापुद्र्याने तिला कोंडले. आता तो सगळा पट्टा खरवडून पुन्हा करायचा आहे. चौकात पुरस्काराची पितळी पाटी आहे ती त्याच भिंतीवर, पोपड्यांच्या जरा वर.

दोष त्या वास्तुविशारदाचा आहेच, आणि त्याने तो पत्रात कबूलही केला आहे. पण तारीख ज्यांनी ठरवली त्यांनी हात झटकून चालणार नाही.

बाहेर काय रीत आहे ती पाहू. युनेस्कोचे आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कार २००० साली सुरू झाले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला २०२२ मध्ये त्यांतला सर्वोच्च सन्मान मिळाला, रॉयल ऑपेरा हाउस आणि भायखळा स्थानकही त्या यादीत आहेत. तिथली अट साधी आहे. काम गेल्या दहा वर्षांत पुरे झालेले असावे आणि वास्तू किमान वर्षभर वापरात असावी. दहा वर्षांची खिडकी उघडी असल्याने कोणाला मार्चमध्ये घाई करावी लागत नाही. आगाखान वास्तुकला पुरस्कारात तर अंतिम निवडीआधी तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहतात. याच पुरस्काराने १९८३ मध्ये मालीतल्या नियोनो गावच्या मातीच्या मशिदीची निवड केली होती, आणि तिथे पुढे आलेले नाव मुख्य गवंडी लासिने मिंता यांचे होते. जपानने १९७५ पासून वारसा जतनाला लागणाऱ्या कारागिरीचीच कायद्याने नोंद ठेवली आहे. सुतारकाम, छप्पर शाकारणे, ही कौशल्ये जाणणारी माणसे आणि संस्था त्या नोंदीत येतात. आणि आपल्याच देशात, देवळे बांधणाऱ्या तमिळनाडूच्या गणपती स्थपतींना २००९ मध्ये पद्मभूषण मिळाले.

आपल्या अर्जात गवंड्याला जागा कुठे आहे? मालक, वास्तुविशारद, संरचना सल्लागार, नोंदणीकृत ठेकेदार, प्रायोजक, छायाचित्रकार. छायाचित्रकाराला स्वतंत्र रकाना आहे! चुना कोणी मुरवला, तुळईचा सांधा कोणी केला, कमानीचा कळीचा दगड कोणी बसवला, याला रकाना नाही. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेने २०२३ मध्ये अठरा व्यवसायांत गवंडी, सुतार आणि पाथरवट मोजून त्यांना ओळखपत्रे दिली. ते ओळखपत्र खिशात असलेला माणूसही या अर्जात कुठेच बसत नाही.

इथवर वाचून मान डोलावणाऱ्या सभासदांना आता एक विचारतो. तुमच्या गेल्या कामाच्या फलकावर गवंड्याचे नाव होते का? आमच्याकडे प्रकाशनासाठी येणाऱ्या लेखांत आराखडे असतात, थ्रीडी असते, मालकाच्या पणजोबांचे तैलचित्र असते. मिश्रणाचे प्रमाण विचारले तर ‘साइटवर ठरवले’ असे उत्तर येते. कोणी ठरवले? नाव विचारायला फोन केला की पलीकडे शांतता, मग “थांबा, कॉन्ट्रॅक्टरला विचारून सांगतो.” बेलफळ घातले होते की गूळ, हिरडा किती दिवस भिजवला, याची नोंद आपल्यापैकी किती जण ठेवतात? पुरस्काराच्या समितीवरचे निम्मे सभासद आपलेच आहेत. नियमावलीचा मसुदा त्यांच्यासमोर गेला होता, तेव्हा रकाना नऊवर एकानेही बोट ठेवले नाही. सहीला एवढी घाई होती की वाचायला वेळ नव्हता, की वाचूनही गप्प बसणे सोयीचे होते, हे त्यांनीच सांगावे. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

तोवर ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी करावा. बहिष्कार वगैरे पुकारून काही साधत नाही, बाद झालेल्या अर्जांचा गठ्ठा जास्त बोलका असतो. फक्त रकाना नऊमध्ये खोटा ठोकळा देऊ नका. तिथे चुन्याचा वर्ग, किती महिने मुरवला, वाळूचे प्रमाण आणि गिलाव्याची तारीख लिहा, आणि चुना फॅट लाइम असेल तर ‘२८ दिवसांची चाचणी या साहित्याला लागू नाही’ एवढे एक वाक्य. अर्जाची एक प्रत आमच्याकडे धाडा. कंपनीच्या रकान्यात ज्याने-त्याने आपापला समुद्र किंवा डोंगर लिहायला हरकत नाही.

आणि संस्थेकडे मागणी एकच: काम पूर्ण झाल्यावर दोन पावसाळे उलटल्याशिवाय अर्ज घेऊ नये. बाकीचे रकाने हळूहळू सुधारता येतील. हा एक नियम बदलला तर मार्चमधला रंग आपोआप थांबेल, कारण दोन पावसाळ्यांनंतर तो रंग भिंतीवर उरणारच नाही.

संस्था ऐकेल तेव्हा ऐकेल. हे मासिक आपल्यापुरते काम कार्तिकच्या अंकापासून सुरू करत आहे. जुन्या पद्धतीने केलेले, किमान दोन पावसाळे काढलेले कोणतेही काम, मग ते वाड्याचे असो, देवळाच्या ओवरीचे असो की विहिरीच्या पायऱ्यांचे, एका पानात लिहून पाठवा. मिश्रण, हंगाम, काय टिकले, काय पडले, आणि ज्यांनी हातांनी केले त्यांची नावे, त्यांची परवानगी घेऊन. पडलेले लिहायला लाजू नका, बाकीच्यांना त्याचाच उपयोग जास्त होतो. फोटो दोन हवेत, एक काम संपल्याचा आणि एक आत्ताचा, दोन्ही एकाच जागी उभे राहून आणि शक्यतो एकाच वेळेच्या उन्हात काढलेले. भेगांचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे, नाहीतर भेगेची रुंदी कळत नाही.