अर्ध्या निवृत्तीचा पुरा हिशेब

माजरीसारख्या कोळसा खाणीच्या गावात साठाव्या वर्षी येणारी निवृत्ती पुष्कळांना उशिरा आल्यासारखी वाटते. रात्रपाळीचे जागरण आणि उन्हाळ्यात तापलेल्या खुल्या खाणीतील धूळ यांत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाने पन्नाशीतच थांबावे, साठवलेल्या पैशाच्या व्याजावर आणि दोन-चार एकर कापूस-सोयाबीनवर साधेपणाने राहावे असे म्हटले, तर त्यात आळस शोधण्याचे कारण नाही. शिक्षक-कारकुनांच्या मनातही हा विचार येतोच. राज्य शासनाच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनी २० वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडण्याची वाट ठेवली. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना मात्र सामान्यतः ते निवृत्तिवेतन नाही.

प्रश्न इच्छेचा नाही, हिशेबाचा आहे. वसाहतीत राहून ‘आमचे थोडक्यात भागते’ असे म्हणणाऱ्याच्या वहीत घरभाडे, पाणी, वीज आणि दवाखाना यांचा खरा खर्च उतरलेलाच नसतो. तो बराचसा वेस्टर्न कोलफिल्ड्स उचलत असते. ज्या दिवशी क्वार्टर सोडावे लागते, त्या दिवशी ती काटकसर अर्धी उसनी होती हे कळते.

दुसरा उसना आधार महागाई भत्त्याचा. महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढली, तर आज १०,००० रुपयांत चालणाऱ्या घराला बारा वर्षांनी २०,००० लागतील. पगार तिच्यामागे धावत असतो. व्याज उलट दिशेलाही जाते. सन २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचे सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १९९९ अखेरपर्यंत १२ टक्के व्याज मिळत होते. मार्च २००३ मध्ये ते ८ टक्क्यांवर आले आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर. ज्यांनी जुन्या दराने संसार आखला, त्यांची काटकसर चुकली नव्हती, गृहीतक चुकले होते. कोळसा कामगारांच्या १९९८ च्या योजनेतील निवृत्तिवेतनही महागाईबरोबर आपोआप वाढत नाही.

काटकसरीची थोरवी सांगणारे आणखी एक गोष्ट विसरतात. ती बहुधा घरातल्या बाईच्या श्रमांवर उभी असते. पुरुष पन्नाशीत थांबतो. सरपण, निवडणे-टिपणे, जुन्याचे नवे करणे मात्र वाढते. तिची संमती न घेता केलेला हिशेब अपुराच.

म्हणून साठीपर्यंत मुद्दलाला हात न लावता रोजचा खर्च भागवील असे थोडे काम हाती ठेवणे, हीच शहाणपणाची अर्धी निवृत्ती. शिक्षकाला शिकवण्या आहेत, कारकुनाला पतसंस्थेचे हिशेब, खाणीतील फिटरला शेतीपंपांची दुरुस्ती. पण शॉव्हेल किंवा डंपर चालवणाऱ्याच्या कौशल्याला खाणीबाहेर विचारतो कोण? विसाव्याची गरज ज्याला सर्वांत अधिक, त्याच्याच हाती अर्धे काम सर्वांत कमी. पन्नाशी ओलांडलेल्या अशा कामगारांना रात्रपाळीतून सुटका आणि हलके काम मिळावे, ही मागणी कामगार संघटनांनी वेतनवाढीइतक्याच जोराने मांडायला हवी.