कॅसेट फेकू नका!

(तृतीय वर्ष कला)

वार्षिकांकासाठी मी संगणकावर लेख लिहिते आहे हे कळताच वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. ‘‘अगं, तू मराठीची ना? मग सायन्सवाल्यांच्या प्रांतात कशाला घुसतेस?’’ असे एकीने विचारलेही. तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. संगणकाच्या पोटात काय चालते ते मला फारसे कळत नाही. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत धुळ्याला मामांकडे जे घडले, त्यावरून माझी खात्री झाली की हा विषय जितका विज्ञान शाखेचा आहे तितकाच आपल्या कला शाखेचाही आहे. म्हणून हा प्रपंच.

आमचे मामा देवपुरात राहतात. १९८८ साली, नोकरी लागल्यावर, त्यांनी हौसेने एक घरगुती संगणक घेतला. त्याचे नाव स्पेक्ट्रम प्लस. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली बाजारात आणला. त्याचीच ‘प्लस’ ही सुधारलेली आवृत्ती डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन १९८६ पासून भारतात विकली. आजच्या विद्यार्थ्याला ते यंत्र दाखवले तर तो म्हणेल, हा तर नुसता कीबोर्ड! खरोखरच, कीबोर्डाच्या पोटातच सारा संगणक. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. स्मृती ४८ किलोबाइट. आपल्या मोबाइलने काढलेला एक साधा फोटोदेखील तिच्यात मावणार नाही.

वीज गेली की ही स्मृती पुसली जाई. मग लिहिलेला प्रोग्रॅम ठेवायचा कुठे? तर गाण्यांच्या साध्या कॅसेटवर! टेपरेकॉर्डर वायरने जोडायचा. संगणक प्रोग्रॅमचे रूपांतर किर्रर्र अशा कर्कश आवाजात करी आणि तो आवाज टेपवर उतरे. परत हवा असेल तेव्हा ‘जे’ हे बटण दाबायचे की पडद्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटे. मग टेप सुरू करायची. पडद्याच्या कडेने आधी तांबडे-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे धावू लागत. मोठा प्रोग्रॅम यायला चार-पाच मिनिटे लागत. शेवटच्या क्षणी टेप जरा अडखळली की ‘टेप लोडिंग एरर’ आणि पुन्हा पहिल्यापासून. ‘‘तेवढ्यात चहा व्हायचा,’’ असे मामा सांगतात.

हे केवळ आमच्या मामांचे वेड होते असे कोणी समजू नये. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हा त्याच पिढीचा संगणक दिला होता. एक अख्खी पिढी अशा यंत्रांवर बोटे चालवून शिकली. पुढे ती यंत्रे माळ्यावर गेली आणि तिथून बहुतेक भंगारात.

मामांचे यंत्र मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत शाबूत होते. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या मामेभावाने ते खाली काढले. कीबोर्डाच्या आतला पातळ पडदा कडक होऊन तडकला होता, तो त्याने बदलला. मग यंत्राच्या पाठीमागच्या खाचेत काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असा एक जोड बसवला आणि त्यात कॅमेऱ्याचे असते तसे मेमरी कार्ड सरकवले. हे कार्ड १९९९ सालचे अपत्य, म्हणजे स्पेक्ट्रमपेक्षा सतरा वर्षांनी धाकटे. आजोबा आणि नातू एकमेकांशी बोलतात कसे, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, कार्डाला एक साधी भाषाही येते. तिला चारच तारा पुरतात. एकीवर ठोका, एकीवरून माहिती आत, एकीवरून बाहेर आणि चौथीवर ‘आता तुझी पाळी’ अशी खूण. यंत्र पाच व्होल्टवर चालते, कार्ड ३.३ वर, मध्ये तो जोड दुभाष्याचे काम करतो. यंत्र टेप वाचायला निघाले की हा दुभाष्या मध्येच हात घालून कार्डावरची माहिती त्याच्या पुढ्यात ठेवतो. यंत्र बिचारे समजते की टेपच चालू आहे! बीबीसी मायक्रोसाठीही असेच जोड निघाले आहेत. दोनशे किलोबाइटच्या ५११ फ्लॉपी एका कार्डावर मावतात म्हणे.

एक बटण दाबले आणि पडद्यावर यादी आली. इंग्लंडातले शेकडो खेळ! मामांनी एक निवडला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो सुरू झाला. मामा खुश झाले. थोडा वेळ खेळले, आणि मग म्हणाले, ‘‘पण माझा कापूस कुठंय?’’

मित्रहो, या एका प्रश्नासाठी मी हा लेख लिहिते आहे.

मामांनी १९८९ साली स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. आजोबांची शिंदखेडा तालुक्यात कोरडवाहू कापसाची शेती. त्या काळी राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती. कापूस केंद्रावर घालायचा, प्रतवारी लागायची, हमीभावाचे पैसे आधी आणि पुढे योजनेला नफा झाला तर त्यातला वाटा. हा सगळा हिशोब आजोबा वहीत मांडत. मामांनी तो संगणकावर आणला. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नसे. परंतु वापरणाऱ्याने स्वतः चितारलेली २१ अक्षरे ठेवण्याची सोय त्यात होती, प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचे. मामांनी गणिताच्या चौकडीच्या वहीत चौकोन काळे करीत करीत ‘कापूस’, ‘वजन’, ‘भाव’ हे शब्द लिहिण्यापुरती अक्षरे आणि काना-मात्रा तयार केल्या. धुळ्याच्या एका घरात, कोणाचेही मार्गदर्शन नसताना, एका तरुणाने २१ घरांत देवनागरी बसवण्याचा हा खटाटोप केला, हा मराठीच्या विद्यार्थ्याने दखल घेण्याजोगा प्रकार नाही काय?

इंग्लंडातले खेळ हजारो लोकांनी जपून ठेवले आहेत. ते आपण न जपले तरी चालेल. मामांचा ‘कापूस’ मात्र साऱ्या जगात एकाच कॅसेटवर होता. नव्या कार्डावर सारे जग भरून आले, फक्त आपले घर तेवढे त्यात नव्हते.

कॅसेट सापडली. ‘कापूस हिशोब, १९८९’ असे तिच्यावर मामांच्या अक्षरात लिहिलेले. भावाने टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, पेन्सिलीने रीळ घट्ट केले आणि आवाज लॅपटॉपवर उतरवून घेतला. मामांनी सावधगिरी म्हणून प्रोग्रॅम लागोपाठ तीनदा भरून ठेवला होता. पहिल्या दोन प्रती बिघडलेल्या निघाल्या. तिसरी बरोबर उतरली. ती बरोबर आहे हे कळते कसे, तर प्रत्येक भागाच्या शेवटी यंत्र साऱ्या मजकुराच्या गोळाबेरजेसारखी एक खूण लिहून ठेवते. मजकूर बिघडला की ती जुळत नाही. हे एक प्रकारचे मुद्रितशोधनच! ‘कापूस’ कार्डावर गेला, पडद्यावर मामांची ओबडधोबड देवनागरी उमटली आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

‘‘आता ही कॅसेट टाकून द्यायला हरकत नाही,’’ भाऊ म्हणाला. त्याचे तर्कशास्त्र बिनतोड होते. प्रोग्रॅम कार्डावर आला, मग टेपचे काय काम?

टेपरेकॉर्डर अजून चालूच होता. कोणाचे लक्ष नव्हते. तिसऱ्या प्रतीची किर्रर्र संपली, क्षणभर खरखर झाली, आणि एका बाईचा मोठा, मोकळा आवाज खोलीत आला. आखाजीचे गाणे. झोक्याच्या कड्यांची कुरकुर मागे ऐकू येत होती. मामा उठून उभे राहिले. ‘‘आई,’’ एवढेच म्हणाले.

ती माझी आजी. ती १९९३ साली गेली. मी तिला पाहिलेले नाही, आणि तिचा आवाज कुठे उरला असेल असे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मामांना मग हळूहळू आठवले. नवा टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा, १९८५ च्या आखाजीला, त्यांनी आईची गाणी भरली होती. पुढे कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा तीच काढून तिच्यावर कापसाचा हिशोब भरला. तीन प्रतींनी सात-आठ मिनिटे खाल्ली. त्याखाली कोणती गाणी होती ते मामांना आठवत नाही. पुढची वीस मिनिटे वाचली.

आता विचार करा. कार्डावर जी फाइल गेली, तिच्यात आजीचा एक सूरही नाही. असणारही नाही, कारण ती फाइल बनवताना संगणक टेपवरचा फक्त प्रोग्रॅम वेचतो आणि बाकीचे सारे कचरा म्हणून सोडून देतो. यंत्राच्या दृष्टीने माझी आजी हा कचरा! कॅसेट तेव्हाच टाकली असती, तर आम्ही आजीला दुसऱ्यांदा गमावले असते, आणि गमावले हे कळलेही नसते.

म्हणून माझे मत असे की मेमरी कार्ड हा चांगला नोकर आहे, त्याला घराचा मालक करू नये. काही जुने हौशी लोक म्हणतात की कार्ड लावणे हा भ्रष्टाचार आहे. टेपचा आवाज नाही तर स्पेक्ट्रम कसला? मला हे पटत नाही. टेप जितकी वाजवावी तितकी झिजते. मूळ पोथी कपाटात सुखरूप ठेवून रोजच्या वाचनाला छापील प्रत वापरावी, तसे रोज कार्ड वापरावे. उलट भावासारखे नव्या पिढीचे लोक म्हणतात की प्रत झाली, आता मूळ कशाला? याचे उत्तर आमच्या आजीने दिले आहे. प्रत करणारा आपल्याला जे हवे तेवढेच उचलतो. मुळात काय काय आहे हे त्यालाही ठाऊक नसते.

हा धडा आपल्या खानदेशाला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत. त्यांचा अंत धुळ्यातच १९२६ च्या अखेरीस झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. कागद छापून झाला म्हणून मंडळाने मूळ रुमाल रद्दीत घातले नाहीत. आपल्या जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्यांनी वहीत टिपून ठेवली, आणि त्या १९५१ साली गेल्यावर, १९५२ मध्ये, ती छापून आली. ती वही कोणी अडगळ म्हणून टाकली असती तर? आज ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ ओळखले जाते, त्या कवयित्रीला महाराष्ट्र मुकला असता.

तेव्हा माळ्यावरची कॅसेट हातात आली, मग ती गाण्याची असो वा संगणकाची, तर काही गोष्टी अवश्य कराव्यात. प्रथम तिच्या वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे मोडावेत, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही भरले जाणार नाही. मामांनी १९८५ मध्ये एवढे केले असते तर ती सात मिनिटे आज असती. मग दोन्ही बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवाव्यात, कोरी वाटली तरी. प्रोग्रॅम वेगळा काढायचा तो त्यानंतर. प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. कारण कार्डात माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने राहते, वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले तर तो झिरपून जातो. टेप बिघडू लागली की खरखरून सांगते. कार्ड मात्र एके दिवशी न सांगता मरते. शेवटी एक चिठ्ठी लिहावी: कोणाचा आवाज, कोणते साल, कोणते गाव, कोणती बोली, कोणते यंत्र. आणि मूळ कॅसेट फेकू नये.

आपल्या ग्रंथालयात एक टेबल, एक चांगला टेपरेकॉर्डर आणि एक लॅपटॉप महिन्यातून एका शनिवारी मांडता येणार नाही का? घरोघरच्या कॅसेटी तेथे उतरवून घेता येतील. प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. एरंडोल-पारोळ्याकडून रोज एस.टी.ने येणाऱ्या मुलामुलींच्या घरांत कोणाची गाणी, कोणाचे हिशोब पडून आहेत, कोणास ठाऊक!

आजीच्या गाण्यांत तीन अहिराणी शब्द असे निघाले की त्यांचा अर्थ मामांनाही सांगता आला नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या आजींनी त्यांतल्या दोहोंचा उलगडा केला. तिसरा अजून बाकी आहे. येत्या आखाजीला मी पुन्हा गावी जाणार आहे, या खेपेला टेप घेऊन.