कसेल त्याची जमीन – शहराच्या वेशीपर्यंतच?

लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिण भागात, गोदामे आणि रेल्वेमार्ग यांच्या मधल्या पट्ट्यात, चौदा एकरांचे एक शेत होते. १९९२ च्या दंगलीत तो भाग होरपळून निघाल्यानंतर १९९४ साली तेथील नगरशासनाने आपल्या ताब्यातील ती पडीक जागा एका अन्नपेढीमार्फत आसपासच्या गोरगरिबांना कसावयास दिली. सुमारे ३५० कुटुंबे, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोट भरण्यासाठी आलेली, तेथे मका, घेवडा, मिरची आणि भाजीचे निवडुंग पिकवू लागली. दहा-बारा वर्षांत त्या उकिरड्याचे नंदनवन झाले. १३ जून २००६ रोजी पहाटे पोलीस आले. चाळीसहून अधिक माणसे धरली गेली, अक्रोडाच्या झाडावर ठाण मांडून बसलेल्या एका चित्रपट अभिनेत्रीला खाली उतरविण्यात आले, आणि उभ्या पिकावरून बुलडोझर फिरला.

झाले होते ते एवढेच की, कचरा जाळण्याच्या भट्टीसाठी नगरशासनाने पूर्वी सक्तीने घेतलेली ही जागा, भट्टी लोकविरोधामुळे बारगळल्यावर, २००३ साली मूळ मालकाला सुमारे ५० लाख डॉलरांना परत विकली गेली. कसणाऱ्यांना ती हवी असेल तर मालकाने किंमत सांगितली १ कोटी ६३ लाख डॉलर! देणगीदारांनी तेवढी रक्कम उभी करण्याची तयारी दाखविली, परंतु सौदा झाला नाही. पुढे कित्येक वर्षे ती जागा ओसाड पडून होती.

ही जुनी हकीकत आज उकरून काढण्याचे कारण असे की, शहरांतील उपेक्षित वस्त्यांत भाजीपाल्याची शेती व्हावी यासाठी सरकारने अनुदान द्यावे, हा विचार आता सर्वमान्य होत चालला आहे. तो विचार चांगला आहे, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु बियाणे, अवजारे आणि मार्गदर्शन यांसाठी पैसा देणारे सरकार पायाखालच्या जमिनीविषयी मात्र मौन पाळते, हे त्या विचारातले मोठे भगदाड आहे. अमेरिकेत हा प्रयोग दीर्घकाळ चालला असल्याने ते भगदाड तेथे स्वच्छ दिसते.

या उपेक्षित वस्त्यांत एवढी मोकळी जागा आली तरी कोठून? ती काही देवाने दिलेली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे काढले आणि ज्या मोहल्ल्यांत काळे लोक राहत, ते बहुधा तांबड्या रंगाने भरले. कर्ज देण्यास धोक्याचा मुलूख, असा त्याचा अर्थ. तांबड्या भागात कर्ज मिळेना, घरांची डागडुजी होईना, दुकाने उठली, पुढे कारखानेही गेले. डेट्रॉइट या मोटारींच्या राजधानीची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाख होती; २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजारांवर आली. घरे पडली, जागा उरल्या, आणि ताजी भाजी विकणारे दुकान मैलोगणती नाही अशी वस्ती मागे राहिली. जमीन ओसाड करण्यात ज्या राजसत्तेचा हात, तीच आता तेथे वाफे घालण्यास चार पैसे देते, तेव्हा त्यास उपकार म्हणावयाचे की उशिरा आलेली भरपाई, हे वाचकांनीच ठरवावे.

याच डेट्रॉइटमध्ये या प्रयोगाचा एक उगम सापडतो. १८९३ च्या मंदीने कारखाने बंद पडले तेव्हा तेथील महापौर हेझन पिंग्री यांनी गावातील रिकाम्या जागा बेकारांना बटाटे लावण्यासाठी द्याव्यात, अशी हाक दिली. निधी जमेना, तेव्हा या गृहस्थाने आपला घोडा लिलावात विकला. १८९४ च्या हंगामात सुमारे ४३० एकर जमीन लागवडीखाली आली आणि खर्चाच्या कित्येक पट पीक निघाले. थट्टेखोरांनी त्यांना ‘बटाटेवाले पिंग्री’ म्हटले. उपाशी माणसाने काय म्हटले असेल ते सांगावयास नको. तथापि या पहिल्या प्रयोगातही जमीन उसनी होती. मालकाला गरज पडली की ती परत द्यावयाची. पुढे दुसऱ्या महायुद्धात घरोघरी विजयबागा झाल्या, त्यांची संख्या दोन कोटींच्या घरात गेली, आणि युद्ध संपताच बहुतेक मोडल्या. संकटात राज्यकर्त्यांना माती आठवते आणि संकट सरले की जमिनीचा भाव आठवतो, असाच हा क्रम आहे.

१९७७ साली केंद्रीय शेतकी खात्याने न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट आदी सहा मोठ्या शहरांत गरिबांना भाजीपाला पिकविण्याचे शिक्षण देणारी योजना काढली. प्रारंभीची तरतूद अवघी १५ लाख डॉलरांची. शहरे वाढत गेली, पण १९९० च्या दशकाच्या आरंभी केंद्राने हात आखडता घेतला. मग १९९६ च्या शेतकी कायद्याने सामुदायिक अन्नप्रकल्पांसाठी अनुदान सुरू केले. त्याची अट पाहा : सरकार जितका डॉलर देईल तितकाच अर्जदाराने पैशाने वा वस्तुरूपाने उभा करावा. ज्याच्या घरी पीठ नाही त्याला सांगावयाचे, तू अर्धी भाकरी आण, अर्धी आम्ही देतो! त्यावर नोंदणीक्रमांक, हिशेबनीस, लेखापरीक्षण आणि इंग्रजीत लिहिलेला जाडजूड प्रस्ताव. ज्या संस्थेच्या पदरी असा प्रस्ताव लिहिणारा पगारी माणूस आहे ती संस्था अर्धी लढाई तेथेच जिंकते, आणि ज्या विधवेने आपल्या गल्लीतला कचरा स्वतःच्या हातांनी उपसून वाफे घातले तिला अर्ज कोठे करावा हेही ठाऊक नसते. आपल्याकडील सरकारी योजनांचा अनुभव असलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

२०१८ च्या शेतकी कायद्याने तर शेतकी खात्यात नागरी शेतीचे स्वतंत्र कार्यालयच स्थापन केले आणि वर्षाला अडीच कोटी डॉलरपर्यंत खर्चाची मुभा दिली. मुभा अडीच कोटींची; प्रत्यक्षात २०२० या पहिल्या वर्षी हाती पडले ५० लाख. अर्ज शेकड्यांनी आले, आणि पहिल्या फेरीत मुख्य अनुदान मिळाले अवघ्या दहा जणांना. त्यातही अनुदानाची मुदत फार तर तीन वर्षे. वस्त्यांतील मातीत जुन्या रंगाचे आणि पेट्रोलच्या धुराचे शिसे मुरलेले असते. ती माती तशीच वापरता येत नाही. बाहेरून माती आणून उंच वाफे बांधावे लागतात, खत मुरवावे लागते, पाण्याची जोडणी घ्यावी लागते. जमिनीला कस येऊ लागतो तो चौथ्या-पाचव्या वर्षी, आणि नेमके तेव्हा अनुदान संपलेले असते.

पण कागदपत्रांचा आणि मुदतीचा जाच एक वेळ सहन होईल. खरा घाव कोठे बसतो हे न्यूयॉर्कने दाखविले. तेथे १९७८ पासून ‘ग्रीनथंब’ या नावाचे नगरशासनाचे खाते आहे. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्या शहरातील पडक्या घरांच्या जागा रहिवाशांना नाममात्र भाड्याने बागांसाठी दिल्या जात, आणि या खात्याचा खर्च दीर्घकाळ मुख्यतः केंद्र सरकारच्या वस्तीविकास अनुदानातून चालत असे. वीस वर्षे लोकांनी तेथे घाम गाळला. १९९९ साली महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी अशा ११४ बागा लिलावात काढल्या! एका हाताने अनुदान वाटावे आणि दुसऱ्या हाताने त्याच जमिनीवर हातोडा वाजवावा, असा हा कारभार. लिलावाच्या आदल्या दिवशी दोन विश्वस्त संस्थांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलर मोजले म्हणून त्या बागा वाचल्या. म्हणजे लोकांच्या करातून सुपीक झालेली लोकांची जमीन वाचविण्यासाठी पुन्हा लोकांनीच पैसे मोजावयाचे! २००२ मध्ये समझोता होऊन आणखी शेकडो बागांना अभय मिळाले. काहींना ते मिळाले नाही.

महापौरांची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गरिबाला भाजी हवी तसेच छप्परही हवे, आणि शहरात जागा मर्यादित, हा युक्तिवाद प्रामाणिक माणसाला विचार करावयास लावणारा आहे. चार वाफ्यांनी नगराचे पोट भरत नाही, हेही खरे. परंतु लिलावात सर्वांत चढी बोली लावणारा त्या जागेवर गरिबांचीच घरे बांधील, याची हमी काय? त्याच शहरातील दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, सामुदायिक बाग झाली की तिच्या हजार फुटांच्या आतील घरांच्या किमती चढतात, आणि सर्वांत जास्त चढतात त्या सर्वांत गरीब वस्त्यांत. याचा अर्थ ध्यानी घ्यावा. ज्याने कचरा उपसून बाग केली तोच त्या बागेमुळे वाढलेले घरभाडे देऊ न शकल्याने गल्ली सोडून जातो. जमिनीच्या हमीवाचून दिलेले अनुदान हे पुढील मालकासाठी सरकारी खर्चाने केलेली मशागत ठरते.

यावर उपाय नाही असे नव्हे. शिकागो येथे १९९६ मध्ये नगरशासन, उद्यानमंडळ आणि वनसंरक्षण मंडळ यांनी मिळून ‘नेबरस्पेस’ नावाचा न्यास स्थापन केला. बागेची जमीन या न्यासाच्या नावावर चढते. पाणी, विमा आणि कायदेशीर जबाबदारी न्यासाकडे. वाफे आणि पीक वस्तीकडे. महापौर बदलला म्हणून बाग उठत नाही. डेट्रॉइटमध्ये २००८ साली काळ्या नागरिकांच्या एका संघटनेला रूज उद्यानातील जागा वर्षाला एक डॉलर भाड्याने मिळाली आणि तेथे आज सात एकरांचे ‘डी-टाउन’ शेत उभे आहे. पण तो करारच आहे, मालकी नव्हे. आणि त्याच शहराच्या नगरसभेने २०१२ च्या डिसेंबरात एका धनिकाच्या कंपनीला सुमारे दीड हजार तुकडे, म्हणजे जवळजवळ १४० एकर जमीन, वृक्षलागवडीसाठी विकण्यास मान्यता दिली. कसणाऱ्याला करार आणि धनिकाला खरेदीखत, हा भेद अनुदानाच्या कोणत्याही परिपत्रकात लिहिलेला नसतो.

येथवर वाचून आमचा वाचक म्हणेल, सातासमुद्रापलीकडच्या भाजीची आम्हांला काय पंचाईत? पंचाईत आहे. मुंबई राज्याने १९४८ साली कूळकायदा केला तेव्हा बेळगाव त्या राज्यात होते. १ एप्रिल १९५७ रोजी त्या राज्यात ‘कृषक दिन’ उजाडून कूळ मालक झाले तेव्हा ते नव्हते. ती व्यथा वेगळी, तिचा येथे पाढा वाचावयाचा नाही. पण त्या क्रांतिकारक कायद्यातही ४३-सी हे एक कलम आहेच. महानगरे, नगरपालिका, छावण्या यांच्या हद्दीतील जमिनींना कूळमालकीची मुख्य कलमे लागू नाहीत, असे ते सांगते. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्या कायद्यानेच शहराच्या वेशीवर अडविली. मुंबईत रुळांच्या कडेला पालक-मुळा दिसतो तो ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना देत आलेल्या परवान्याच्या जमिनीवरचा. रेल्वेला जागा लागली की परवाना संपला. आणि २०११-१२ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात शहरांभोवतीच्या भाजीपाला समूहांसाठी ३०० कोटी रुपये ठेवले गेले, ते मुख्यतः बाजाराच्या सोयीसाठी, शहरातल्या भूमिहीनासाठी नव्हे.

शहापूर, वडगाव, अनगोळ येथील शिवारे पाहा. शहर वाढत वाढत त्यांना भिडले आहे. येथला बासमती एके काळी सुगंधावरून ओळखला जाई, आणि बेळगावची भाजी पहाटे चोर्ला घाटातून उतरते तेव्हा गोव्यातील चुली पेटतात. तरी याच तिबारपिकी जमिनीतून हलगा-मच्छे बायपास नेण्याचा आग्रह धरला गेला आणि शेतकऱ्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २०१६ च्या जानेवारीत बेळगाव ‘स्मार्ट’ शहरांच्या पहिल्या यादीत आले. गावात मूठभर मातीत कोथिंबीर कशी लावावी याची पत्रके वाटावीत आणि वेशीवरचे पिकते शिवार मात्र डांबराखाली घालावे, हा व्यवहार आम्हांला तरी समजत नाही.

म्हणून नगरपालिकांकडे आणि विधिमंडळांकडे आमचे मागणे क्रमाचे आहे. प्रथम नगरहद्दीतील कसत्या आणि पडीक सार्वजनिक जमिनींची यादी वॉर्डवार प्रसिद्ध करा. त्यांतील वस्तीजवळचे तुकडे न्यासाच्या नावावर चढवा किंवा किमान वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदणीकृत कराराने महिला मंडळांना आणि भूमिहीनांना द्या. पाण्याचा नळ त्याच दिवशी जोडा. अर्ज एक पानाचा आणि अर्जदाराच्या भाषेत असावा. बियाण्याच्या आणि खताच्या अनुदानाचा ठराव त्यानंतरच्या सभेत आणा; तोवर लोक स्वतःच्या खिशातून बी आणून पेरून मोकळेही झालेले असतील.