डबा जोडताना इंजिन आधी थांबवायचं असतं

दिवाळीत नात लातूरहून नांदेडला आली, तेव्हा तिच्या फोनमधला एक खेळ तिच्या बापानं काढून टाकलेला होता. तिनं तो गुपचूप माझ्या फोनवर घेतला. आमच्या वेळी गोट्या आजीच्या पिशवीत लपायच्या, त्यातलाच हा प्रकार.

खेळाचं नाव स्पेसफ्लाइट सिम्युलेटर. टाक्या, इंजिनं, नळकांडी एकावर एक रचून रॉकेट करायचं आणि उडवायचं. आधी मला वाटलं, फटाक्यांचाच खेळ असेल. पण पोरगी तीन उड्डाणांत एक अंतराळ स्थानक बांधत होती. पहिल्या उड्डाणात गाभा वर गेला, दुसऱ्यात सौरपंख जाऊन त्याला जोडले गेले. तिसऱ्यात इंधनाची टाकी न्यायची होती. टाकी गेली, स्थानकाच्या अगदी जवळ पोचली आणि पोरगी ओरडली, “आबा, तोंडावर छत्रीच लावलीय मी!” जिथं जोडायचं तोंड हवं, तिथं पॅराशूट बसवलेलं. सगळं रॉकेट शाबूत, इंधन भरपूर, आणि जोडायला काहीच नाही. हसत हसत तिनं ते मोडलं नि पुन्हा रचायला बसली.

मला हसू आलं नाही. पूर्णा आणि नांदेडच्या यार्डात मी पॉइंट्समन म्हणून लागलो, शंटिंग मास्टर म्हणून निवृत्त झालो. डबे जोडणं आणि सोडणं, एवढाच माझा आयुष्यभराचा धंदा. तोंड जुळत नसेल तर बाकी सगळं लोखंड भंगार असतं, हे आमच्या मराठवाड्याइतकं कुणी भोगलेलं नाही.

नव्या पिढीला खरं वाटणार नाही, पण आमच्याकडं एकाच वेळी तीन मापांचे रूळ होते. मनमाडहून नांदेडवरून हैदराबादकडं जाणारी निजामाच्या काळातली लाईन मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत 1000 मिलिमीटर. विकाराबादहून परळीला आलेली ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर. आणि लातूरला यायची ती बार्शी लाईट रेल्वे, नॅरोगेज, अवघी 762. डबा तिन्हीकडं डबाच, पण इकडचा तिकडं चालायचा नाही. मनमाडला मीटरगेजच्या वाघिणीतलं पोतं हमालाच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या वाघिणीत जायचं. कुर्डुवाडीला नॅरोगेजच्या मालाचीही तीच गत. पोत्यामागं मजुरी, पोत्यामागं गळती. हे माप एक व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली, आणि लातूरच्या वाट्याला तर त्याहून उशीर आला.

पण माप एक झालं म्हणून काय झालं, ते एप्रिल 2016 मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. लातूर तहानलेलं होतं. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली ती बरीचशी त्याच जुन्या बार्शी लाईटच्या वाटेनं, आता ब्रॉडगेज झालेल्या रुळांवरून. वाघिणी आल्या होत्या राजस्थानातल्या कोट्याहून, तिथं वाफेनं धुऊन. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, मिळून पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. कोट्याची वाघीण, मिरजेचं पाणी, इंजिन आणखी कुठलं, आणि सगळं एकमेकांत बसलं, कारण जोडाचं माप आधी ठरलेलं होतं. नॅरोगेज असती तर ते पाणी कुर्डुवाडीला काय ओंजळीनं बदललं असतं?

नातीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “आबा, म्हणजे मी तोंड आधी ठरवायचं आणि मग टाकी.” दहा मिनिटांत तिला जे कळलं, ते माहीत असलेला माणूस कुठल्या बैठकीत बसला असता, तर आमची एक पिढी पोती बदलत बसली नसती.

असाच जोड अंतराळात बसवून बघण्यासाठी इस्रोनं 30 डिसेंबर 2024 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी60 वरून दोन उपग्रह सोडले. प्रत्येकी साधारण 220 किलोचे, जमिनीपासून 470 किलोमीटरवर. मोहिमेचं नाव स्पेडेक्स. या उपग्रहांची तोंडं अगदी एकसारखी होती. यात नर-मादी असा भेद नाही, कुणीही कुणाला जोडावं. रेल्वेत एलएचबी डब्यांना जो मधला कपलर असतो, तो असाच. दोन्ही बाजूंचा पंजा सारखा, डबा उलटा फिरवला तरी बसतो. आमच्या जुन्या स्क्रू कपलिंगला मात्र दोन डब्यांच्या मध्ये शिरून आकडा टाकावा लागायचा आणि हातानं पिळावा लागायचा. त्यात आमच्या एका सोबत्याची दोन बोटं गेली. म्हणून मधल्या कपलरचं मला फार कौतुक. तसलं तोंड अंतराळात गेल्याचं वाचलं त्या दिवशी घरात मी एकटाच खूश होतो.

आणि इस्रोनं ते जोडलं कसं? थेट नाही. आधी कित्येक किलोमीटर लांब, मग पाच, मग दीड, मग 500 मीटर, 225 मीटर, 15 मीटर, 3 मीटर. प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, बघायचं, मग पुढं. जोडणी आधी 7 जानेवारीला ठरली होती, ती 9 वर गेली. मग एक उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त वाहवत गेला म्हणून तीही पुढं ढकलली. 12 तारखेला तीन मीटरपर्यंत जाऊन मुद्दाम मागं आले. 16 जानेवारी 2025 ला जोड बसला. आधी हे अमेरिका, रशिया, चीनला जमलं होतं, मग आपल्याला. शेवटच्या टप्प्याचा वेग ठरवला होता सेकंदाला दहाएक मिलिमीटर. चाल गोगलगायीचीच, पण ही दोन धुडं त्याच वेळी पृथ्वीभोवती ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरनं धावत होती.

बातम्यांत चार-पाच दिवस ‘पुन्हा लांबणीवर’ अशा ओळी फिरत होत्या. मला त्यांचा राग यायचा. प्रवासी गाडीला इंजिन लावताना ते वीसेक मीटर अलीकडं पूर्ण थांबवायचं, हा आमचा नियम. मग हिरवी झेंडी हळू हळू हलवत आणायचं. हौशी ड्रायव्हर न थांबता आणायला बघायचे, मग वरच्या बर्थवरची पेटी खाली आणि शिव्या आम्हाला. थांबणं हा लांबणीवर पडण्याचा प्रकार नव्हे, तोच जोडण्याचा अर्धा भाग आहे.

नातीची खरी फजिती मात्र वेगळ्याच ठिकाणी झाली. स्थानक पुढं, तिची टाकी मागं. तिनं स्थानकाकडं तोंड करून इंजिन पेटवलं. थोडा वेळ अंतर घटलं, मग वाढायला लागलं. “आबा, वेग वाढवला तर मागंच पडायलंय!” भौतिकशास्त्राचं पुस्तक तिला पाठ आहे, केप्लरचा नियम ती झोपेत म्हणेल. पण तो नियम तिच्या अंगठ्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. यात तिला एकटीला हसायला नको. 1965 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या जेमिनी-4 यानातून जेम्स मॅकडिव्हिट स्वतःच्याच रॉकेटच्या वरच्या टप्प्याजवळ जायला निघाले आणि हेच करून बसले. इंधन जळालं, अंतर वाढलं, नाद सोडावा लागला. आणि हे गणित एमआयटीत बसून मांडणाऱ्या बझ ऑल्ड्रिनची डॉक्टरेट त्याच्या दोन वर्षं आधी, 1963 मध्ये, पुरी झाली होती!

मी तिला खळ्यावरची पात सांगितली. मेढीभोवती बैल फिरतात, आतल्या बैलाचं रिंगण लहान, बाहेरच्याचं मोठं. तिथं सगळे एका दावणीला, म्हणून आतला सावकाश चालतो. अंतराळात दावण नसते. तिथं आतल्या रिंगणातला जास्त पळतो. म्हणून पुढच्याला गाठायचं तर आधी ब्रेक लावून खाली, आतल्या रिंगणात उतरायचं. तिथं आपण आपोआप पुढं सरकतो, मग वर चढून भेटायचं. तिनं ब्रेक लावला. दीड फेरीनंतर स्थानक समोर आलं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. हा चेहरा मी तिच्या शंभरपैकी शंभर आलेल्या चाचणीनंतर पाहिलेला नाही.

तर माझं म्हणणं असं. लातूरच्या क्लासमधल्या परीक्षेच्या तयारीला, म्हणजे लातूर पॅटर्नला, मी नावं ठेवणार नाही. औसा, कंधार, मुखेडच्या शेतकऱ्यांची लेकरं त्याच्या जोरावर डॉक्टर-इंजिनिअर झाली, त्यांतली कित्येक मी स्वतः स्टेशनवर ट्रंक घेऊन उतरताना पाहिली. क्लासवाले फोन काढून घेतात, तेही बरोबरच; फोनमध्ये या एका खेळाशेजारी शंभर नासके खेळ आहेत. पण त्या पॅटर्नमध्ये चूक म्हणजे वजा एक. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक गेला. तेव्हा लेकरू काय शिकतं? खात्री नसेल तर गोल रंगवू नको, सोडून दे. परीक्षेला हे शहाणपणाचं आहे. पण उपग्रह असो वा वाघीण, चुकून बघितल्याशिवाय जोडता येत नाही. आणि ज्या प्रयोगशाळेत चुकायची सोय असायला हवी, तिथं काय चालतं हे पालकांना ठाऊक आहे. प्रॅक्टिकलचं जर्नल मोठ्या भावाच्या वहीवरून उतरवलेलं असतं. लंबक न हलवता त्याचा आवर्तकाळ लिहिला जातो.

म्हणून अकरावीच्या प्रॅक्टिकलच्या तासांतले वर्षाकाठी सहा तास या खेळाला द्या. मोबाइलवर नको, शाळेच्या कॉम्प्युटरवर. ऑर्बिटर नावाचा सिम्युलेटर फुकट मिळतो आणि खऱ्या गणितावर चालतो. पैसे असतील तर मेक्सिकोत तयार झालेला केर्बल स्पेस प्रोग्राम आहे, त्यात 2012 पासून जोडणीची तोंडं आहेत. एका कॉम्प्युटरवर दोघं बसवा. जर्नलमध्ये बरोबर उत्तर लिहायला लावू नका. पहिल्या तीन वेळा का फसलं, ते लिहायला लावा. ते मोठ्या भावाच्या वहीवरून उतरवता येत नाही, कारण प्रत्येकाची छत्री वेगळ्या जागी बसलेली असते.

‘याचा मेडिकलच्या नीट परीक्षेला काय उपयोग’ असं माझा मुलगा विचारतो. नीटला नाही. पण चांद्रयान-4 पाच भागांत, दोन रॉकेटांवरून जाणार आहे आणि ते भाग वर जोडायचे-सोडायचे आहेत. भारताचं अंतराळ स्थानक 2035 पर्यंत असंच एकेक भाग जोडून उभं करायचं ठरलंय. अंतराळ लांबचं वाटत असेल तर लातुरातच हरंगुळजवळ कोच फॅक्टरी आहे. 2020 च्या नाताळात तिथं पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. तिथं कपलर बसवणारा हात आपल्याकडचा असावा की बाहेरचा, हेही पालकांनी बघावं.

सोडण्याबद्दल लिहायचं राहिलं. लोकांना जोडणी दिसते, सोडणी दिसत नाही. आमच्याकडं आधी दोन्ही अँगल कॉक बंद करायचे, मग हवेचा होज पाइप काढायचा, मग कपलिंग. क्रम चुकला की पाइप फटकन तोंडावर. स्पेडेक्सचे उपग्रह 13 मार्च 2025 ला सुटे केले, 20 एप्रिलला पुन्हा जोडले, आणि एकाची वीज दुसऱ्याला देऊन बघितली. नीट सुटतं त्यालाच पुन्हा जोडता येतं. नातीनं पहिल्यांदा सोडताना चुकीचं बटण दाबलं आणि स्वतःचं इंजिनच मागं ठेवून आली.

ती आता लातूरला परत गेलीय. स्थानक माझ्या फोनवर अजून फिरतंय, एक तोंड रिकामं आहे. “हात लावू नका,” असं बजावून गेली. मी लावला. चष्मा पुसून, जेवणानंतर, बायको झोपल्यावर एक टाकी वर सोडली. अकरा संध्याकाळी गेल्या. काल रात्री अंतर चाळीस मीटर झालं, तेव्हा मी थांबलो आणि फोन चार्जिंगला लावला.