घास उतरू लागला, आता जपा!

घास घशाखाली उतरत नाही, पाण्याने ढकलावा लागतो, अशा तक्रारीसाठी आपल्या भंडारा जिल्ह्यातून नागपूरचे मेडिकल किंवा सुपर स्पेशालिटी रुग्णालय गाठावे लागते. जुन्या आम्लपित्ताने वा चुकून पोटात गेलेल्या ॲसिडने अन्ननलिका आतून भाजते आणि व्रण भरताना आकसते. मग तोंडावाटे दुर्बीण घालून फुग्याने ती रुंद करतात. चिरफाड नाही, टाके नाहीत. पुष्कळदा रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. टाका दिसत नाही म्हणून घरच्यांना वाटते, काही झालेच नाही. "खा, ताकद येईल," म्हणत ताट पुढे येते.

बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे एवढेच, की जखम आत आहे. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाण्याचा घोटही देऊ नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मग आधी घोट घोट पाणी, नंतर कोमट पेज, वरणाचे पाणी. धानाच्या मुलखात पेजेला काय तोटा? पुढे डॉक्टर सांगतील तसा मऊ भात. तिखट, तळलेले, कडक भाकर इतक्यात नको. जेवून लगेच आडवे होऊ नये. खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा द्याव्यात. गुंगीचे इंजेक्शन दिले असेल तर 24 तास गाडी चालवू नये, कोणत्याही कागदावर सही-अंगठा करू नये.

घसा एक-दोन दिवस दुखणारच. पण छातीत किंवा पाठीत जोराची कळ, ताप, धाप, मानेवर सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. नळीला भोक पडले असेल किंवा आत रक्त वाहत असेल. असे क्वचित घडते, पण घडले तर उशीर जिवावर बेततो. 108 वर फोन करा.

आपल्या घरांत दुखणे लपवण्याची खोड आहे. विड्या वळणाऱ्या बाईला वाटते, पुन्हा नागपूर, पुन्हा भाडे, पुन्हा मजुरी बुडणार. रोवणीच्या दिवसांत तर कोणी बोलतच नाही. म्हणून घरच्यांनीच विचारावे. नळी पुन्हा आकसू शकते. परत बोलावले म्हणजे डॉक्टर चुकले असे नव्हे. आम्लाची गोळी बरे वाटले म्हणून मनाने सोडू नये. तुकडा तपासणीला दिला असेल तर त्याचा रिपोर्ट जरूर आणावा, कारण घास अडकण्यामागे कर्करोगही असू शकतो.

आणि खर्रा, बिडी, दारू? ज्या हाताने पेजेची वाटी द्याल, त्याच हाताने खर्ऱ्याची पुडी काढून घ्या.