फुकटचे पुण्य

उज्जयिनीच्या रामघाटावर स्नानास मोल पडत नाही. म्हणून तो घाट फुकट बांधला गेला, असे कोणी म्हणत नाही. महाकालाच्या मंदिराचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी केला, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आंतरजालावर देवकथा विनामूल्य वाचावयास देणाऱ्या चित्रकाराचेच नाव आपल्याला जड का व्हावे? त्याची सही कापून चित्रे दहा जणांस धाडणे हे पुण्य नव्हे, अपहार आहे! सही गेली की नवा वाचक त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे ५७ वे कलम, हक्क विकल्यानंतरही, कर्त्याचे कर्तृत्व मान्य करते. वाचन फुकट असावे. निर्मिती फुकट नसते. देवस्थानांनी उत्सवखर्चातील एक वाटा या चित्रकारांस द्यावा.