कागद नको, तालीम बघा!

लाखनी तालुक्यातील पालक, मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांना जाहीर आवाहन

दिवाळी सरली की आपल्याकडे मंडई भरते आणि रात्री नाटकाचा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. झाडीपट्टीचा नट होळीपर्यंत गाव बदलत उभा राहतो. पायपेटीच्या सुरावर स्वतः गातो, समोरचा वाक्य विसरला तर प्रसंग सावरतो, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवतो. हाच माणूस शाळेच्या दारी नाटक शिकवायला गेला की पहिला प्रश्न, "बी.एड. झालंय का? निदान विशारद?" आणि स्नेहसंमेलन जवळ आले की शाळा शहरातून नाचाचा मास्तर आणतात, पोरांना सिनेमाच्या गाण्यावर नाचवतात. त्या मास्तराची पदवी कोणी तपासली?

गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टीच्या रंगमंचावरच्या आयुष्यभराच्या कामासाठी. भरतीच्या अर्जात मात्र त्या कामाला रकाना नाही. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम नाट्यविषयात व्यावसायिक कलावंताला वाट देतात, पण त्यालाही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची किंवा मान्यताप्राप्त संस्थेची पदवी-पदविका लागतेच. २०२२ मध्ये आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद काढले. १५ वर्षांचा अनुभव असेल तर पदवीची अट नाही. छान! पण मंजूर पदांच्या १० टक्क्यांच्या आत, फार तर ४ वर्षे, आणि मानधनाची सोय संस्थेनेच पाहायची. पगारासाठी अनुदानाकडे डोळे लावून बसलेले खेड्यातले महाविद्यालय हे कधी करणार?

आपल्या हमरस्त्याने पूर्वेला गेले की रायपूर लागते. तिथले हबीब तन्वीर लंडनच्या राडा संस्थेत शिकून आले आणि छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्यातले खेड्यातले कलावंत त्यांनी आपल्या नाटकात उभे केले. त्यांच्या १९७५ च्या 'चरणदास चोर' नाटकाने १९८२ मध्ये एडिनबरा गाजवले. विलायतेत शिकलेल्या माणसाला त्या कलावंतांचा दाखला मागावासा वाटला नाही. आमच्या कार्यालयांना वाटतो.

आता आमच्याच बाजूच्यांना दोन शब्द. "पन्नास वर्षे स्टेजवर आहे" एवढ्याने कोणी मास्तर होत नाही. टाळी घेणारा नट वर्गात लाजऱ्या पोरीचा आवाज फोडू शकेलच असे नाही. काही जण शिकवतात म्हणजे स्वतःचीच नक्कल करून घेतात. उलट, शिकलेल्या नाट्यशिक्षकाला आवाज कसा जपायचा, दहा वर्षांच्या मुलाकडून काय मागायचे नाही, हे ठाऊक असते. ते आम्हाला हवेच आहे. "पदवीची अट काढली तर वशिला शिरेल," ही शंकाही खोटी नाही. (पदवी असताना तो शिरत नाही, असे मात्र कोणी सांगू नये.)

म्हणून आमची मागणी साधी आहे. उमेदवार पदवीचा असो वा मंडईचा, त्याला सातवीच्या वर्गासमोर तासभर उभे करा. पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती मागे बसून बघेल. जो पोरांना बोलते करील तो नेमा. चारित्र्य पडताळणी दोघांचीही करा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही स्थानिक कलावंतांना शाळेत आणा म्हणते. तेव्हा नियमात बसत नाही, ही सबब चालणार नाही.

वेळापत्रकही आमच्या मातीचे हवे. आषाढ-श्रावणात कलावंत रोवणीच्या चिखलात असतो, दिवाळीनंतर मंडपात. पोळा ते दिवाळी हा काळ मोकळा. तेवढ्यात आठवड्याला दोन तास ठेवा. पैसे द्या, शाल-श्रीफळावर भागवू नका. स्नेहसंमेलनाच्या मास्तरावर जाणारा खर्चच इकडे वळवा.

शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय लेखी मांडा आणि उत्तरही लेखीच घ्या.

— लाखनी तालुक्यातील काही पालक व नाट्यरसिक